अंडं गोठतं, थिजतं की आळतं?

प्रश्न असा आहे: ऑम्लेटची कृती मराठीत लिहिताना एका वाचकानं ‘मंद आचेवर अंडं गोठू द्या’ असं लिहिलं, आणि वाचणाऱ्यांनी ‘म्हणजे तवा फ्रीजमध्ये ठेवायचा का?’ अशी टर उडवली. ‘सेट होऊ द्या’ लिहायला त्यांचं मन घेत नाही. मग काय लिहावं? जोडीला आणखी एक शंका आहे, अंडी ‘घुसळायची’ की ‘फेटायची’?

टर उडवणाऱ्यांचं म्हणणं निम्मंच खरं आहे. गोठणं म्हटलं की बर्फ आणि गोठणबिंदू डोळ्यांपुढे येतो, हे कबूल. पण जखमेवरचं रक्त गोठतं ते अंगच्या उबेतच, तिथे थंडीचा काही संबंध नसतो. तेव्हा ‘गोठतं’ चूक आहे असं मी म्हणणार नाही. तरी कृतीत ते वापरणारही नाही, कारण ती वाचणारा माणूस हातात कालथा घेऊन उभा असतो आणि तेवढ्यात अंडं त्याच्यासाठी थांबत नाही. अर्थ दुसऱ्या वाचनात उमगेल असा शब्द तिथे कामाचा नाही.

खरी अडचण अशी की पातळ पदार्थ घट्ट होण्याची क्रियापदं मराठीत कारणांप्रमाणे वाटून टाकलेली आहेत. तूप, मेण थिजतं. गारव्यानं घट्ट होतं आणि ऊब लागली की पुन्हा पातळ होतं. रस आळतो, आचेनं त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेलं दाट होतं. ‘आटणे’ त्याचंच भावंड, फक्त तिथे लक्ष दाटपणापेक्षा कमी झालेल्या मापाकडे असतं. रक्त साकळतं, पण त्या शब्दाला दुखण्याखुपण्याचा वास आहे, तो खाण्याच्या पदार्थाजवळ नको. शास्त्रीय लेखनातलं ‘क्लथन’ नेमकं आहे. मात्र ‘अंड्याचं क्लथन होऊ द्या’ असं वाचून कुणाला भूक लागेलसं वाटत नाही.

आता तव्यावर काय होतं ते पाहा, म्हणजे यातलं एकही का बसत नाही ते कळेल. अंड्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि त्यात प्रथिनांच्या बारीक गुंडाळ्या तरंगत असतात. उष्णता लागली की त्या उलगडतात, एकमेकींत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्यात कोंडलं जातं. ते उडून जात नसल्यामुळे ‘आळणे’ नाही. ऑम्लेट गार झाल्यावर किंवा पुन्हा गरम केल्यावर परत पातळ होत नाही, म्हणून ‘थिजणे’ही नाही. उरलं ‘जमणे’. त्याची गंमत अशी की ‘ऑम्लेट जमलं’ म्हटलं तर ऐकणारा तुमचं अभिनंदन करील. ते घट्ट झालं की नाही, हे त्याला कळणारच नाही.

म्हणून माझं उत्तर असं: ‘सेट’ला एक मराठी शब्द शोधूच नये. तव्यावर एकच गोष्ट घडत नाही, तीन-चार घडतात, आणि त्या प्रत्येकीला आपल्याकडे साधा शब्द आहे. पांढरं सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पुढे दाटू लागतं, पिवळं 65च्या आसपास दाटतं आणि 70ला घट्ट होतं. दोन्ही एकत्र फेटलेलं मिश्रण साधारण 73 अंशांना घट्ट होतं. त्यात दूध घातलं तर जाळं विरळ होतं आणि घट्ट व्हायला आणखी उष्णता लागते. तर आधी अंडं दाटतं, मग कडेनं घट्ट होतं. ‘कडेनं’ हा शब्द विसरू नका, कारण आधी कडा आणि बूड घट्ट होतं, मधला भाग हलवला तर थरथरतो. आच पुढे चालूच ठेवली तर अंडं आवळतं. हे क्रियापद मला फार पटतं. जाळं खरोखरच आवळलं जातं आणि आत कोंडलेलं पाणी पिळून बाहेर येतं. यालाच आपण ‘पाणी सुटलं’ म्हणतो. बशीत ऑम्लेटखाली जे पाणी दिसतं ते बहुतेक वेळा हेच. त्यानंतरच्या अवस्थेला विशेषणच पुरे आहे: वातड.

विशेषणांवरून आठवलं. आतून ओलसर ठेवलेल्या ऑम्लेटला कृतींमध्ये सरसकट ‘लुसलुशीत’ म्हणतात. लुसलुशीत म्हणजे मऊ आणि कोवळं, त्यात ओलेपणा असेलच असं नाही. फ्रेंच पद्धतीच्या गुंडाळीत आतलं अंडं किंचित वाहतं असतं, ते ‘ओलसर’ किंवा ‘सैलसर’. ‘लिबलिबीत’ म्हटलं की ते न आवडणाऱ्याचं मत होतं, ‘गिळगिळीत’ म्हटलं की तक्रार. वाचकाला नेमकं काय मिळणार, हे या एका शब्दावर ठरतं. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं खाणार असतील तर ‘मध्यापर्यंत घट्ट’ हेच लिहावं.

मिठाबद्दल एक वाक्य लिहिलंत तर बरं. ‘मीठ आधी घातलं तर अंडं चिवट होतं’ असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. मिठामुळे प्रथिनं लवकर एकत्र येतात, पण फार जवळ येत नाहीत, त्यामुळे ऑम्लेट मऊच राहतं. फेटतानाच मीठ घालून काही मिनिटं ठेवलं तर मिश्रण जरा पातळ आणि गडद दिसू लागतं. ते बिघडलेलं नसतं.

फेटणं-घुसळणं यात फार अडकू नका. घुसळण्यात रवी आहे, गरगर फिरवणं आहे आणि शेवटी काहीतरी वेगळं काढायचं आहे. इथे उलट पांढरं आणि पिवळं एक करायचं आहे, म्हणून ‘फेटा’. किती, तेही लिहा: पांढऱ्याच्या तारा दिसेनाशा होईपर्यंत. फेस यायची गरज नाही. फेस हवा असतो तो पांढरं वेगळं करून फुलवलेल्या ऑम्लेटसाठी.

खरं घोटाळ्याचं क्रियापद तुमच्या कृतीत आहे, पण त्यावर कुणी टर उडवली नाही. ‘कांदा परता’ आणि दोन ओळींनी ‘ऑम्लेट परता’. पहिल्यात हलवत राहायचं, दुसऱ्यात एकदाच उलटायचं. नवशिक्यानं दुसऱ्या ठिकाणीही हलवत राहिलं तर त्याच्या बशीत भुर्जी येईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘उलटा’ लिहा, आणि उलटायचंच नसेल तर ‘दुमडा’ किंवा ‘गुंडाळा’.

तुमचा परिच्छेद मी असा लिहीन:

‘तवा मध्यम आचेवर ठेवून लोणी घाला. लोण्याचा फेस बसू लागला, पण रंग अजून बदलला नाही, की अंडी ओता. कडा दाटू लागल्या की त्या आत ओढा आणि तवा कलता करून पातळ अंडं मोकळ्या जागी जाऊ द्या. बूड घट्ट झालं आणि वरचा भाग ओलसर पण न वाहणारा राहिला, की दुमडा आणि लगेच बशीत काढा. आतली ऊब उरलेलं काम करते.’

लोण्याचा फेस ही काही सजावट नाही. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं, ते उडताना फेस येतो. फेस बसला म्हणजे पाणी संपत आलं आणि तवा पुरेसा तापला. त्यासाठी वेगळं तापमान लिहायची गरज उरत नाही.

‘ऑम्लेट’ला मराठी शब्द हवा का, असंही विचारलंय. नको. तो फ्रेंचमध्येही धड मूळ रूपात नाही. लॅटिन ‘लामेल्ला’ म्हणजे पातळ पत्रा. त्यापासून आलेल्या फ्रेंच शब्दाआधीच्या ‘ला’ या स्त्रीलिंगी उपपदातला ‘आ’ लोकांनी शब्दाचाच भाग समजून त्याला जोडला आणि पुढे अक्षरं बदलत बदलत ‘ओम्लेत’ झालं. पातळ पत्र्यावरून आलेल्या नावाला ‘अंड्याची पोळी’ हा पर्याय अर्थानं जवळचा आहे, पण गुबगुबीत, दुमडलेल्या ऑम्लेटला पोळी म्हणवत नाही. लेखनात ‘ऑम्लेट’ आणि ‘आम्लेट’ दोन्ही चालतात. एका कृतीत एकच ठेवा, आणि लिंग नपुंसक: ते ऑम्लेट, ती ऑम्लेटं.