‘मन लागत नाही’ म्हणजे नेमकं किती वाजता?

“पाच आठवडे झाले ताई, मन लागतच नाही. राजीनामा देऊन घरी जाऊ का?”

बाहेरगावाहून नागपुरात नोकरीला आलेल्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य नेहमी असतं. इथली हकीकत अशाच एका मुलीची आहे. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय २६, घर सांगलीजवळचं, नोकरी बँकेत. शाखा सीताबर्डीला, खोली मनीष नगरात तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. रुजू झाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्याकडे समुपदेशनाला आली मेच्या मध्यावर.

पहिल्या भेटीत राजीनाम्याचा विषय बाजूला ठेवला आणि नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, लक्ष किती दिवस बिघडलं हे त्यात विचारतात. गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर पुढची नीट तपासणी लागते. तिचे ९ आले. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. त्यापुढे तिनं शून्य लिहिलं होतं, तरी तो समोर बसवून तोंडीही विचारला. कागदावर शून्य लिहिणं फार सोपं असतं.

मग तिला एक वही दिली. सात दिवस, जागेपणीच्या प्रत्येक तासापुढे एकच आकडा लिहायचा: किती जड वाटलं, ० ते १०. कारणं लिहायची नाहीत. कारणं लिहायला सांगितली की माणूस तीच ती गोष्ट पुन्हा उगाळतो आणि वही तिसऱ्या दिवशी बंद पडते.

आठवड्यानं वही आली. बँकेच्या वेळेत बहुतेक ३, कधी ४. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ ८. रात्री दीड ते चार ९. रविवारी दुपारभर ९. म्हणजे दिवसाचा मोठा भाग तिचं बरं चाललं होतं. बिघाड तीनच ठिकाणी होता, आणि तिन्हींची कारणं वेगळी निघाली.

सुरुवात रात्रीपासून केली, कारण झोप मोडलेल्या माणसाला बाकी काहीही सांगा, ते टिकत नाही.

“दीड वाजता काय होतं?”
“गरम होतं. जाग येते आणि मग घरचं आठवत बसते.”
“कूलर?”
“आहे की. पण नुसती चिकचिक होते.”
“खिडक्या?”
“बंद. गार हवा बाहेर जाईल म्हणून.”

कूलरची सवय नसलेल्या भागातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही चूक होते. कूलर एसीसारखा बंद खोलीत चालवायचा नसतो. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूच्या गवती जाळ्यांमधून, आत ओढतो, आणि पाण्याची वाफ होताना हवा गार होते. ही हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीतला दमटपणा वाढतो, वाफ होणं मंदावतं आणि गारवा संपतो. म्हणून कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून बसवायचा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. तिचा कूलर खोलीच्या मधोमध होता. ताट्या गेल्या साली बसवलेल्या, क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या. टाकी ४० लिटरची. नऊला भरून सुरू केली की दीडच्या सुमारास कोरडी पडायची, आणि तिला जागही नेमकी तेव्हाच यायची.

घरमालकीण काकूंशी बोलून ताट्या बदलल्या, कूलर खिडकीत गेला, टाकीला नळाची बारीक नळी आणि टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉल बसला. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडत राहतो, त्यामुळे सूर्य मावळल्यावर गच्चीवर चार-पाच बादल्या पाणी मारायचंही ठरलं. दहा दिवसांत रात्रीचा आकडा ९ वरून ४ वर आला. हे समुपदेशन आहे का, असं कुणी विचारेल. आहे. मनाचं दुखणं म्हणून आलेल्या माणसाची खोली कशी आहे हे न विचारणं ही आमच्या कामातली मोठी चूक आहे.

संध्याकाळ मात्र खरीच मनाची होती. साडेसहाला मेट्रोतून जयप्रकाश नगरला उतरायचं, खोलीवर यायचं आणि लगेच आईला व्हिडिओ कॉल. तो दीड-दोन तास चालायचा. आईचा पहिला प्रश्न “जेवलीस का?”, शेवटचं वाक्य “जमत नसलं तर ये बाई परत”. दोघी रडायच्या. साडेसातला आलेला डबा दाराच्या कडीला तसाच लटकलेला, आणि रात्री पोटात चार बिस्किटं.

पोटचं लेकरू लांब असल्यावर आई फोन करणारच, त्यात तिची चूक नाही. अडचण वेळेची होती. एकटेपणा सर्वांत जास्त चढलेला असतानाच रोज फोन लागला की मन शिकतं, हे फोननंच उतरतं. मग ते आपोआप उतरू शकतं याचा अनुभवच मिळत नाही. पण फोन एकदम कमी केले तर घरचे घाबरतात आणि थेट काकूंना फोन लावतात. म्हणून आईलाच स्पीकरवर घेऊन पंधरा मिनिटं समजावलं. सकाळी बँकेत जाताना दहा मिनिटं, रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं, एवढं ठरलं. “जेवलीस का?” ऐवजी दोघींनी दिवसातली एकेक घडलेली गोष्ट सांगायची. आईनं पहिल्या दिवशी म्हशीच्या रेडकाची सांगितली.

मधल्या वेळेत हाताला काम हवं. तिला भाकरीची आठवण यायची, म्हणून गिरणीतून एक किलो ज्वारीचं पीठ, एक तवा, एक शेगडी. मंगळवारी आणि शुक्रवारी दोनच भाकऱ्या. रोजचा नेम धरला असता तर आठवड्यात मोडला असता. पहिल्या भाकऱ्या चिरल्या, कारण पीठ जुनं होतं. पुढच्या खेपेला तिनं ताजं दळून घेतलं.

एक गोष्ट वहीत नव्हती, बोलताना निघाली. तिकडच्या कितीतरी मुलींसारखी तीही “मी आलो, मी जातो” म्हणते. शाखेत त्यावर हसू झालं, आणि त्या दिवसापासून तिनं जेवणाच्या सुट्टीत बोलणं कमी केलं. उलट इथलं “काय करून राहिली?” तिला परकं वाटायचं. आपली बोली गिळून टाकली की माणूस नोकरीच्या जागी पाहुणाच राहतो. तिला एवढंच सुचवलं की हसणाऱ्यांपैकी जिच्याशी बरं जमतं तिला एकटीला सांग, “मला ते लागलं.” तिनं सांगितलं. त्या मैत्रिणीचं हसणं थांबलं, बाकीच्यांचं पूर्ण थांबलेलं नाही.

रविवारसाठी “लोकांत मिसळ” असला सल्ला निरुपयोगी असतो. ओळख व्हायला तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं पुन:पुन्हा दिसावी लागतात. ती कॉलेजपर्यंत खो-खो खेळलेली. जवळच्या मैदानावर सकाळी सहाला मुलींचा सराव चालतो. पहिले तीन रविवार फक्त कडेला उभं राहून बघायचं, चौथ्याला बोलायचं. तिसऱ्याच रविवारी प्रशिक्षकांनी शिट्टी तिच्या हातात दिली.

राजीनाम्याचा निर्णय पोळ्यापर्यंत पुढे ढकलला. तारीख ठरलेली असली की रोज रात्री तोच खटला मनात चालवावा लागत नाही. घरी जायचं ते परतीचं तिकीट आधी काढूनच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि सांगलीला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सणासुदीला लवकर भरते.

सगळ्यांचं असं सुटत नाही. दिवसाच्या सगळ्याच तासांना ८-९ आकडे येत असतील, दोन आठवडे झोप-भूक गेलेली असेल, कामावर जाणंच थांबलं असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती काकूंबरोबर पिवळी मारबत, म्हणजे नागपुरातली पुतळ्याची मिरवणूक, बघायला गेली, आणि त्या आठवड्यात शेवटच्या भेटीला आली. प्रश्नावलीचे गुण ४. नागपुरात कायम राहायचं नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. परिविक्षा (प्रोबेशन) संपली की बदलीचा अर्ज करणार आहे. राजीनामा देणार नाही. वही परत मागितली तर म्हणाली, “राहू दे माझ्याकडं. ऑक्टोबरचं ऊन बघून घेतो.”