तुळजापूरला जाताना नळदुर्ग तासाभरात होतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून आई-वडील आणि मुलांना घेऊन तुळजापूरला येतोय, हातात दोन दिवस आहेत, तर नळदुर्गचा किल्ला जाता जाता तासाभरात होईल का आणि त्याच दिवशी अक्कलकोटपण उरकेल का. मी याच पट्ट्यातला आहे म्हणून स्पष्ट सांगतो, उरकायचंच असेल तर नळदुर्ग यावेळी राहू द्या. गाडी लावायची, पाणी महालापर्यंत पळत जायचं, फोटो काढायचे आणि परत गाडीत, असं करणारे रोज दिसतात आणि लई वाईट वाटतं, कारण जे बघायचं ते राहूनच जातं. निदान अर्धा दिवस द्या, जमलं तर पूर्ण दिवस.

आधी रस्त्याचं. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे, सोलापूरपासून ४५-५० किलोमीटर आणि तुळजापूरपासून ३५ च्या आसपास. तुळजापूरला आदल्या दिवशी मुक्कामाला या, पहाटे दर्शन करून घ्या. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा शक्यतो टाळा, त्या दिवशीच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि मग पुढचा सगळाच दिवस घसरतो. दर्शन झालं की नाश्ता करून निघा, ऊन तापायच्या आत किल्ल्यात शिरलात तर बरं, कारण आत सावली कमी आहे आणि गेटपासून पाणी महाल बराच आत आहे. बाटलीभर पाण्यानं भागत नाही, जास्त घ्या, टोपी घ्या.

आता किल्ल्याचं. आपल्याकडं किल्ला म्हटलं की सह्याद्रीतला डोंगर डोळ्यापुढं येतो, इथं तसं काहीच नाही, हा भुईकोट, बोरी नदीच्या काठावर काळ्या दगडात उभा केलेला, आणि त्याची तटबंदी नुसती चालत बघायची म्हटलं तरी वेळ जातो. बहमनी, मग आदिलशाही, १६८६ ला विजापूर पडल्यावर मुघल आणि नंतर निजाम, असे मालक बदलत गेले. पण माझ्या मते या किल्ल्यातली खरी बघायची गोष्ट म्हणजे पाणी कसं अडवलंय आणि कसं वापरलंय ती.

मुख्य किल्ला एका बाजूला आणि रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला, या दोघांच्या मधी बोरी नदी, आणि तिच्यावर बांध घालून दोन्ही जोडलेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, साधारण १६१३ ला हे काम झालं, बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन असं सांगतात. आता कमाल अशी की त्या बांधाच्या पोटातच हा पाणी महाल आहे. पायऱ्यांनी खाली उतरायचं, आत खोल्या, कमानी, आणि दरीकडं उघडणारे झरोके. बांधावरून पाणी सोडायला दोन सांडवे आहेत, त्यांनाच नर आणि मादी म्हणतात. नदी भरून आली की पाणी या दोन्हीवरून खाली झेप घेतं आणि तुम्ही आत झरोक्यात उभे असता, समोरून पाण्याचा पांढरा पडदा कोसळतोय, आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दगडाला हात लावला तर बारीक थरथर लागते, आणि अंगावर उडाले तर चार तुषार, बाकी तुम्ही कोरडे. तिथं एक फारसी शिलालेखही आहे, त्याचा भाव असा की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यापुढं अंधारी येईल. बांधणाऱ्याला आपण काय करून ठेवलंय ते चांगलंच माहीत होतं.

नर-मादी कधी वाहतात हे सगळेच विचारतात. वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलं तरच, म्हणजे पाऊस चांगला झाला तर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि कमी पावसाच्या वर्षी अजिबात नाही. निघायच्या आधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, नाहीतर आठवडाभरातले व्हिडिओ बघा, जुने व्हिडिओ बघून येऊ नका. पाणी जोरात असलं की दगडावर शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका, आणि खाली उतरू देत नसतील तर हुज्जत घालू नका, ते तुमच्याच जिवासाठी असतं.

पण धबधबा नसेल तर यायचंच नाही, हे मला पटत नाही. उलट कोरड्यात आलात तर बांधाची रुंदी, सांडव्याची घडण, महाल कुठं लपवलाय हे सगळं उघडं दिसतं, वडिलांना बांधकामाची आवड असेल तर त्यांना तेव्हाच आणा. आणि हा भाग कोणता ते लक्षात घ्या. शेजारच्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं. अशा मुलखात चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी नदी अडवून गडावरच्या माणसांच्या पाण्याची सोय केली आणि त्यातच देखणेपणापण साधला, तो बांध आजपण उभा आहे. मला तरी ह्याचं पाण्याच्या धारेइतकंच अप्रूप वाटतं.

त्यानंतर उपली बुरूज चढा, किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा तीच. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली बसवा, पायऱ्या उंच आहेत. वर लांबलचक तोफा आहेत, त्यातली मगर तोफ मुलांना नक्की दाखवा, तिच्या तोंडाशी मगरीचा जबडा काढलाय, दात मोजता येतील असा. वरून सगळा तट, नदी, गाव आणि पलीकडची रानं दिसतात. नवबुरूजपण बघा, नऊ पाकळ्यांचा आहे, बाहेरच्या बाजूनं जास्त कळतो.

आणि मुलांना एक गोष्ट तिथंच सांगा, कारण पुण्याच्या शाळेत ती कुणी सांगेल असं वाटत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली तेव्हा पहिली लढाई या नळदुर्गलाच झाली, बोरीवरचा पूल निजामाच्या लोकांनी उडवायच्या आत ताब्यात घेतला म्हणून पुढचा रस्ता मोकळा झाला. चार दिवसांनी निजाम शरण आला, १७ सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिदिन. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, काळातल्या आठवणी अजून निघतात, त्यामुळं आम्हाला हा किल्ला नुसता आदिलशाहीचा वाटत नाही.

जवळपासचं म्हणाल तर अक्कलकोटच्या ऐवजी खंडोबा करा, असं माझं मत. नळदुर्गच्या मैलारपूरला एक देऊळ आणि हायवेवरच थोडं पुढं अणदूरला दुसरं, पण मूर्ती एकच! वर्षातले जवळजवळ दहा महिने देव अणदूरला आणि उरलेले दिवस मैलारपूरला असतो, आणि देव न्यायचा-आणायचा तर दोन्हीकडच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. पौष पौर्णिमेला मैलारपूरला मोठी यात्रा भरते, त्या दिवशी भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं, पण लहान मुलं बरोबर असतील तर यात्रेच्या गर्दीत येऊ नका. देव कुठं आहे ते आधी विचारून मगच गाडी वळवा.

दुसरा दिवस मोकळा असेल तर धाराशिवच्या पुढं तेरला जा. गोरोबाकाकांची समाधी, त्रिविक्रमाचं जुनं विटांचं देऊळ आणि लामतुरे यांचं म्युझियम, एवढं बघितलं तरी दिवस सार्थकी लागतो. हे तेर म्हणजेच सातवाहन काळातलं तगर शहर, रोमपर्यंत व्यापार चालायचा, आणि म्युझियममधल्या वस्तू बघताना ते खरं वाटायला लागतं. अक्कलकोट वेगळ्या फेरीला ठेवा, स्वामींच्या दर्शनालापण घाईत जाऊ नये.

जेवायला हायवेच्या धाब्यापेक्षा साधी खाणावळ बघा, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि येसर आमटी मिळाली तर बाकी काही मागवू नका. मुक्कामाला नळदुर्गमधी फार पर्याय नाहीत, तुळजापूर नाहीतर सोलापूर बरं पडतं. एसटीनं येणार असाल तर सोलापूरहून उमरग्याकडं जाणाऱ्या गाड्या नळदुर्गवरूनच जातात, स्टँडवरून किल्ला लांब नाही.