इतिहास घेऊन पुढं काय?

प्रश्न: मुलगी दहावीत आहे, इतिहासाची आवड आहे. पण पेपरात मार्क कमी पडतात. गावात सगळे म्हणतात, आर्ट्स घेऊन काय करणार? – एक पालक, दारव्हा तालुका

उत्तर: आधी मार्कांचं पाहू. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 मार्कांचा. मुलं नुसती सनावळी पाठ करतात आणि ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये अडकतात. आपल्याच भागाचं घ्या: 1853 मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं ते हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या फौजेच्या थकलेल्या खर्चापायी. नागपूरचं राज्य मात्र 1854 मध्ये खालसा झालं, कारण तिसरे रघूजी औरस वारस न ठेवता वारले. दोन्ही कारणांची गल्लत केली की मार्क गेलेच. घटना एका ओळीत, कारणं तीन ओळींत, अशी वहीत रोज दोन उत्तरं लिहायला लावा.

पुढच्या वाटा म्हणाल तर बी.ए., एम.ए. आणि नेट-सेट करून प्राध्यापकी, किंवा बी.एड. करून शिक्षकी, पण इथं जागा निघायची वाट पाहावी लागते. स्पर्धा परीक्षेत इतिहास लागतोच. पुरातत्त्वात जायचं असेल तर नागपूर विद्यापीठात प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाचा विभाग आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे बौद्ध स्तूप त्यांच्याही उत्खननात उजेडात आले.

अकरावीपासून मोडी लिपी शिकू द्या. त्यात शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळं पहिले काही आठवडे डोकं दुखेल. पण जुने दस्त वाचणारी माणसं कमीच आहेत. सुट्टीत नागपूरचा अजब बंगलाही (तिथलं जुनं वस्तुसंग्रहालय) दाखवून आणा.