भावाचं नाव कुणाच्या यादीत आहे, ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाला नायजेरियात पोर्ट हार्कोर्टला पाइपलाइन देखभालीचं काम मिळतंय, तेही एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडून. 28 दिवस काम, 28 दिवस सुट्टी, पगार आत्ताच्या तिप्पट. आणि अपहरणाच्या बातम्या वाचून आईची झोप उडाली आहे. जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी त्या भागात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे दाब-प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांच्या कामात, नऊ वर्षं काढली, त्यातली पहिली दोन अशाच एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडे. हो किंवा नाही असं एका शब्दात मी सांगणार नाही, कारण उत्तर देशापेक्षा त्याला नेणाऱ्या कंपनीवर जास्त अवलंबून आहे.

आधी धोका नेमका कसला, ते बघा. नायजर डेल्टात, म्हणजे पोर्ट हार्कोर्टच्याच खाड्यांच्या भागात, 1956 मध्ये ओलोइबिरी या गावी तेल लागलं. पैसा बाहेर गेला. गावांच्या वाट्याला आला तो खाडीवरचा तेलाचा तवंग आणि रात्रंदिवस पेटलेले फ्लेअर, म्हणजे तेलाबरोबर निघणारा गॅस जाळणाऱ्या ज्वाळा. मासेमारी बसली. त्याविरुद्ध शांततेच्या मार्गानं लढणाऱ्या केन सारो-विवा या लेखकाला लष्करी सरकारनं 10 नोव्हेंबर 1995 ला फाशी दिलं. पुढच्या पिढीनं बंदुका उचलल्या. जानेवारी 2006 मध्ये 'मेंड' या संघटनेनं समुद्रातल्या तेलक्षेत्रातून चार परदेशी कामगार उचलून नेले, आणि पुढच्याच महिन्यात एका कंत्राटदाराच्या बार्जवरून, म्हणजे कामाच्या सपाट बोटीवरून, नऊ. तेव्हा मागण्या राजकीय होत्या. सरकारच्या 2009 च्या माफी योजनेत अनेकांनी शस्त्रं खाली ठेवली, पण माणूस पळवायचा कसा, ठेवायचा कुठे, पैसे आणायचे कसे हे सगळं ज्ञान त्या खाड्यांमध्येच राहिलं. आता अपहरण हा बहुतांशी निव्वळ धंदा आहे. त्यात सगळ्यात जास्त भरडले जातात ते तिथलेच लोक, डॉक्टर, व्यापारी, धर्मगुरू. आपल्यापर्यंत बातमी येते ती फक्त परदेशी माणसाची.

तुम्ही जहाजांच्या बातम्या पाठवल्यात, त्या खऱ्या आहेत. डिसेंबर 2019 मध्ये 'नेव्ह कॉन्स्टेलेशन' या टँकरवरून 18 भारतीय पळवले गेले आणि त्याच महिन्यात 'ड्यूक'वरून 20. त्या वीस जणांतला एक कैदेतच वारला. 2020 मध्ये जगभरात जहाजांवरून 135 खलाशी पळवले गेले, त्यातले 130 एकट्या गिनीच्या आखातातून, म्हणजे नायजेरियालगतच्या समुद्रातून. त्यानंतर समुद्रातलं प्रमाण पुष्कळ कमी झालं. पण तुमचा भाऊ जमिनीवर असणार, त्याचा हिशेब वेगळा.

जमिनीवर माणूस सापडतो तो रस्त्यात, आणि खास करून विमानतळाच्या रस्त्यात. कॅम्पला भिंत असते, गेट असतं, पहारा असतो. पण विमानाची वेळ ठरलेली, रोटेशन, म्हणजे काम-सुट्टीची पाळी, ठरलेली, त्यामुळे गाडी कधी निघणार हे चौकीदारापासून तिकीट काढणाऱ्यापर्यंत दहा जणांना ठाऊक असतं. सप्टेंबर 2020 मध्ये लिबियात सात भारतीय कामगारांना पळवलं, ते घरी येण्यासाठी त्रिपोलीच्या विमानतळाकडे निघाले असताना. अल्जेरियातल्या इन अमेनास गॅस प्रकल्पावर जानेवारी 2013 मध्ये हल्ला झाला, त्याची सुरुवात विमानतळाकडे निघालेल्या कामगारांच्या बसवरच झाली. तिथे सुमारे 40 माणसं गेली, त्यात एका जपानी कंत्राटदार कंपनीसाठी काम करणारे दहा जपानी होते.

म्हणून भावाला पगाराच्या आधी हे विचारायला सांगा: विमानतळावरून मला कोण घेणार, कुठल्या गाडीनं, सोबत कोण? नायजेरियात खासगी सुरक्षारक्षकांना बंदूक बाळगायला कायद्यानं बंदी आहे, सशस्त्र एस्कॉर्ट लागला तर तो सरकारी दलांचाच, उदाहरणार्थ पोलिसांच्या फिरत्या तुकडीचा, जिला तिथे 'मोपोल' म्हणतात. 'आमचे स्वतःचे गार्ड आहेत' एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर नव्हे.

आता माझा अनुभव सांगतो. दुसऱ्या वर्षी एका सकाळी जवळच्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि साइट बंद करून सगळ्यांना मस्टर पॉइंटवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, बोलावलं. सिक्युरिटीचा माणूस क्लिपबोर्ड घेऊन एकेक नाव वाचत होता. नाव आलं की 'येस' म्हणायचं आणि बसकडे जायचं. यादी संपली, बस भरली, आणि आम्ही सहा जण तिथेच उभे. आमची नावं त्या यादीत नव्हतीच. मूळ कंपनी समजत होती की आम्हाला आमचा कॉन्ट्रॅक्टर नेईल. कॉन्ट्रॅक्टरचा मॅनेजर फोनवर म्हणाला, साइटवरची सुरक्षा त्यांची जबाबदारी आहे. आमचा ड्रायव्हर, तिथलाच, डेल्टातला माणूस, त्यानं स्वतःच्या जिवावर आम्हाला शहरात आणलं. वाटेत एका नाक्यावर रोज केळी भाजणाऱ्या बायका बसायच्या. त्या दिवशी तिथे कुणीच नव्हतं, शेगडीसुद्धा नव्हती. त्यानं एक शब्द न बोलता गाडी वळवली आणि दुसऱ्या वाटेनं नेली. त्याचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण माझा जीव एका ड्रायव्हरच्या शहाणपणावर टांगलेला होता, कारण कागदावर मी कुणाचाच नव्हतो.

भावाच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. मूळ कंपनीच्या बाहेर काढण्याच्या योजनेत, म्हणजे इव्हॅक्युएशन प्लॅनमध्ये, सब-कॉन्ट्रॅक्टरची माणसं धरली आहेत का, हे करारात लेखी हवं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. टाळाटाळ झाली तर मी माझ्या भावाला पाठवलं नसतं, पगार कितीही असो.

विम्याबद्दल एक गोष्ट बाहेर कुणाला फारशी माहीत नसते. अपहरण-खंडणीची पॉलिसी असेल तर कंपनी सहसा ती कबूल करत नाही, कारण तशी वाच्यता झाली की पॉलिसीच धोक्यात येते. त्यामुळे 'माझा असा विमा आहे का' यावर गप्प राहिले तर लगेच वाईट समजू नका. त्याऐवजी विचारा की असं काही घडलं तर माझ्या घरी कोण फोन करणार आणि कधी. ज्यांनी तयारी केलेली असते ते तिथल्या तिथे सांगतात.

आणि देव न करो, पण तशी वेळ आलीच तर बातमी समाजमाध्यमांवर टाकू नका, टीव्हीवाल्यांना बोलावू नका, धाड घालून सोडवा म्हणून आरडाओरडा करू नका. मार्च 2012 मध्ये उत्तर नायजेरियातल्या सोकोटोला सुटकेच्या कारवाईत ओलीस असलेले दोन्ही परदेशी कामगार मारले गेले. वाटाघाटी सावकाश चालतात, आणि गाजावाजा झाला की माणसाची किंमत वाढते. घरातल्या एकानंच फोन घ्यायचा, शक्यतो आईनं नाही.

तो गेलाच तर पोहोचल्याबरोबर अबुजातल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे नाव नोंदवायला सांगा. मलेरियाची औषधं सोबत हवीतच. कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट घालून बाहेर फिरू नये, विमानतळावरचा फोटो टाकू नये, सुट्टीची तारीख कुणाला सांगू नये.

निघण्याआधी घरात बसून एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर फक्त त्याला आणि तुम्हाला माहीत असेल आणि त्याच्या फोनमध्ये कुठेही सापडणार नाही. माणूस जिवंत आहे का, हे मध्यस्थ अशाच प्रश्नावरून पडताळतात. आमच्या घरी तो आईनं ठरवला होता: लहानपणी तापात मी कोणतं गाणं मागायचो? नऊ वर्षांत तो कुणाला विचारावा लागला नाही. तुमच्या आईला सांगा, तो प्रश्न तिनंच ठरवावा.