वाचकांचे प्रश्न : ‘स्वान लेक’चा शेवट नेमका कोणता?

प्रश्न : मुलीकडे लंडनला गेले असताना दौऱ्यावर आलेल्या रशियाच्या मारिन्स्की कंपनीचे ‘स्वान लेक’ हे बॅले पाहिले. त्यात राजपुत्र आणि हंसकन्या सुखाने एकत्र येतात. मी वाचलेल्या कथेत मात्र दोघेही मरतात. खरे काय?

उत्तर : आपण वाचले ते जुने आहे आणि पाहिले तेही त्या कंपनीच्या परंपरेला धरूनच आहे. रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीचे हे बॅले मॉस्कोत १८७७ साली प्रथम सादर झाले. परंतु आज जगभर जे रूप आधारभूत मानले जाते, ते संगीतकाराच्या मृत्यूनंतर, १८९५ मध्ये, पेतिपा आणि इव्हानोव्ह या नृत्यदिग्दर्शकांनी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात बसवले. त्यात दोघे सरोवरात जीव देतात आणि त्यांच्या त्यागाने, मुलीला हंस बनवणाऱ्या मांत्रिकाची शक्ती नष्ट होते. सोव्हिएत काळात सुखान्ताचा आग्रह वाढला. कॉन्स्टँटिन सर्गेयेव यांनी १९५० मध्ये केलेल्या मांडणीत राजपुत्र मांत्रिकाचा पंख उपटून त्याला हरवतो, आणि मारिन्स्की आजही हीच मांडणी घेऊन दौरे करते. मला स्वतःला शोकान्तच अधिक पटतो, कारण अखेरच्या अंकातील संगीताची व्याकूळता, विशेषतः ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर उमटणारी हंसाची धून, विरहाकडेच ओढत नेते.