वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरं : केनियाला शिकवायला निघताना

प्रिय टीचर,
मी वसईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेत विनाअनुदानित तुकडीवर गणित-विज्ञान शिकवते. वय २७. मिशनकार्यासाठी पाळतात त्या मिशन रविवारी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, आलेल्या सिस्टरांनी सांगितलं, की पश्चिम केनियातल्या त्यांच्या शाळेला वर्षभरासाठी स्वयंसेवक शिक्षिका हवी आहे. राहणं-जेवण त्यांच्याकडे, पगार नाही. मी नाव दिलंय. आई म्हणते, ‘मिशनलाच जायचं तर तलासरी काय कमी लांब आहे?’ मामा स्थळं घेऊन बसलेत. तयारी काय करू? आणि धर्मशिक्षणाचा एखादा कोर्स करून जाऊ का? तुम्ही तिकडे शिकवलंय म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, निर्मळ

बाळा, आधी आईचं. तिनं टोमणा मारला असेल, पण तुझ्या तयारीचा पहिला पत्ता तिनंच दिलाय. येत्या सुट्टीत तलासरीकडच्या एखाद्या मिशनच्या वसतिगृहात जाऊन मुलांचे अभ्यासवर्ग घे. पाहुणी म्हणून खुर्चीत बसू नकोस, खडू हातात घे. तिथली पोरं घरात वारली बोलतात आणि शाळेत मराठीत शिकतात. केनियातही असंच आहे. घरात लुओ नाहीतर लुह्या, बाजारात स्वाहिली आणि चौथीपासून सगळे विषय इंग्रजीत. ‘समजलं का?’ म्हटलं की अख्खा वर्ग ‘येस टीचर’ म्हणतो आणि वही उघडली की पान कोरं. ते कोरं पान इथे पाहिलंस आणि त्याचं काय करायचं ते तुझं तू शोधलंस, तर तिकडे पहिला महिना रडण्यात जाणार नाही. स्मार्ट बोर्डवर शिकवायची सवय असेल तर ती आत्ताच मोड. फळ्यावरचं अक्षर सुधार, शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढं मोठं काढ.

मी होते तिथे शाळेला पत्र्याचं छप्पर होतं. दुपारी तिसऱ्या तासाला पाऊस यायचा आणि पत्र्यावर असा कोसळायचा की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. आपल्याकडे असतं तर पोरांनी गोंधळ घातला असता. तिकडची मुलं फळ्याकडे बघत बसत. मी गणित लिहायची, ती बोटांनी उत्तर दाखवायची, चुकलं की मी मान हलवायची. अपूर्णांकाचा एक अख्खा धडा असा मुक्यानं झाला. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी ही युक्ती मला पहिल्याच आठवड्यात दाखवली होती. त्या तिथल्याच, बारा गावचं पाणी प्यायलेल्या.

मुद्दा त्या बाईंचाच आहे. तू कोणाच्या शेजारी उभी राहणार आहेस, हे सिस्टरांना आजच पत्र लिहून विचार. केनियात चर्च अनेक शाळांचं ‘स्पॉन्सर’ असतं, पण तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्यांचं टीएससी नावाचं मंडळ आहे, त्याच्याकडे नाव नोंदवल्याशिवाय वर्ग घेता येत नाही. शाळेत गणिताच्या बाई असतील तर त्यांच्या हाताखाली काम कर. नसतील, तर तू परतल्यावर तो वर्ग कोण घेणार, हे विचार. फुकटची शिक्षिका मिळाली म्हणून गावातल्या बीएड झालेल्या मुलीची नोकरी हुकणार असेल, तर जाऊ नकोस. हे मी स्पष्टच सांगते, मिशन रविवारच्या भाषणात हे कोणी सांगत नाही. माझ्या मते वर्षभरात तुझ्या हातून होण्यासारखं सगळ्यात मोठं काम एकच : प्रयोगाचं कपाट लावून दे, आठवड्याचं नियोजन कसं करायचं ते दोन तरुण शिक्षकांबरोबर बसून ठरव, आणि तू निघालीस तरी ते चालू राहील असं बघ.

धर्मशिक्षणाचा कोर्स राहू दे. ते काम तिथले कॅटेकिस्ट करतात. साधी प्रापंचिक माणसं, शेती सांभाळून मैलोन्‌मैल सायकल मारत जाणारी आणि आपल्यापेक्षा पुष्कळ चांगलं शिकवणारी. तिकडचं चर्च तुझी वाट बघत अडून बसलेलं नाही. रविवारची मिस्सा दोन तास चालते, ढोल वाजतात, अर्पणाला लोक मका, केळ्यांचा घड, कधी जिवंत कोंबडी घेऊन नाचत वेदीकडे जातात. आणि तुझ्या गणिताच्या वर्गात सगळी कॅथलिकच मुलं असतील असंही नाही. अँग्लिकन असतील, पेंटेकोस्टल असतील, मुसलमानही असतील. तू गणित नीट शिकव. प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया मात्र स्वाहिलीत पाठ करून जा, पहिल्याच संध्याकाळी तू परकी राहणार नाहीस.

स्वाहिली आतापासून रोज थोडी कर. आपल्या गोन्सालो गार्सियांचं आठव. जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेला तो वसईचा पोरगा, तिथली भाषा उत्तम शिकला. पुढे फ्रान्सिस्कन संघात गेल्यावर मनिलाहून जपानला निघालेल्या मिशनऱ्यांना दुभाषा हवा होता, तो हाच झाला. १५९७ मध्ये नागासाकीला हौतात्म्य आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं, ते आपण सणाला सांगतोच. भाषेचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. घड्याळही शिकून घे. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून ‘साआ म्बिली’ला, म्हणजे शब्दशः दोन वाजता ये म्हटलं तर सकाळी आठला जायचं. दुपारी दोनला गेलीस तर सभा संपून चहाचे कपही धुऊन झालेले असतात.

आता कागदपत्रं, भरभर सांगते. त्यांचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि सत्रं तीन, त्यामुळे जूनचा हिशेब विसर. इथल्या शाळेची बिनपगारी रजा लेखी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस, तोंडी ‘जा गं, बघू’वर विश्वास ठेवू नकोस. पर्यटकाच्या ई-टीएवर (ऑनलाइन प्रवास परवानगीवर) जाऊन शिकवता येत नाही. वेगळा पास किंवा परमिट लागतं, तो सिस्टरांच्या संस्थेनं तिथून काढायचा. पदवीच्या कागदांवर कोणते शिक्के हवेत ते त्यांच्याकडूनच विचारून घे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, शिफारसपत्र धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांकडून. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घे. ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना मुंबई विमानतळावरून थेट सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. लेक सापडली नाही म्हणून आई मलाच फोन करेल! व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला मलेरिया भरपूर, प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घे आणि परत आल्यावरही सांगतील तितके दिवस घे. विमा, तिकीट, महिन्याचा हातखर्च, आजारी पडलीस तर कोण आणणार : हे चारही सिस्टरांकडून लेखी घे. संकोच वाटतो, माहीत आहे. तरी घे.

बॅगेत स्वेटर ठेव. आफ्रिका म्हणजे ऊन असं आपल्या डोक्यात असतं, पण तिकडची बरीच गावं महाबळेश्वरपेक्षा उंच आहेत आणि जुलैत पहाटे दात वाजतात. प्लास्टिकच्या पिशव्या २०१७ पासून बंद, दंड जबर, म्हणून सगळं कापडी पिशव्यांत भर. भेट म्हणून सुकेळी (आपली वाळवलेली केळी) ने, पण कस्टममध्ये काय चालतं ते आधी विचारून. सुका बोंबील नेऊ नकोस. तू माझं ऐकणार नाहीस, पण शेजारच्या प्रवाशाचा तरी विचार कर.

एका गोष्टीबद्दल मी कडक आहे : मुलांचे फोटो. फाटक्या गणवेशातल्या पोरांना कडेवर घेऊन काढलेले फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकायचे नाहीत. आपल्या वाडीतल्या एखाद्या पोराचा असा फोटो नैरोबीच्या बाईंनी लावला तर तुझ्या आईला चालेल का? बालसंरक्षणाचे नियम संस्था सहीला देईल. सही करण्याआधी वाच. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. छडी तिकडेही कायद्यानं बंद आहे. एखादे शिक्षक वापरताना दिसले तरी तू हातात घ्यायची नाहीस.

मामांना सांग, स्थळ चांगलं असेल तर वर्षभर थांबेल. आईला तलासरीला बरोबर ने.

*

टीचर, मी ६३ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मुलं म्हणतात, ‘डॅडी, आता घरीच बसा.’ मला जाता येईल का?
— एक वाचक, रेवदंडा

सर, वर्षभरासाठी नको, एका सत्रासाठी जा. वर्ग घेण्यापेक्षा तिथल्या तरुण मुख्याध्यापकांबरोबर बसा. वेळापत्रक, परीक्षा, पालकसभा यांत तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव कामाला येईल. मुक्काम शहराजवळ मागा, जिथे रुग्णालय आणि फ्रिज दोन्ही आहेत. इन्सुलिन सामानात टाकू नका. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा, आणि लागेल त्याच्या दुप्पट न्या. मुलांना डॉक्टरांकडे बरोबर न्या, त्यांची शंका तिथेच फिटेल.