सल्ला-मसलत : टाइल्स बसण्याआधी हिशेब

प्रश्न : आयटीआयमधून प्लंबरचा ट्रेड पूर्ण करून गेल्या वर्षापासून मी स्वतंत्रपणे कामे घेतो. भुसावळमधील एका घराच्या पाइपलाइनची मजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर 38,000 रुपये ठरली, 10,000 रुपये यूपीआयने आगाऊ मिळाले आणि काम चालू असताना मालकांच्या सांगण्यावरून गच्चीवरच्या दुसऱ्या टाकीची जोडणीही करून दिली. आता ते ‘भाऊ, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पाहू’ म्हणतात आणि लेखी करार कुठे होता, असेही ऐकवतात. मोबाइलवरच्या बोलण्याला काही किंमत आहे का? मी बसवलेले नळ काढून आणले तर चालेल का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नळांचा विचार आधी मनातून काढून टाका. मालकांनी विकत आणलेला आणि त्यांच्या घरात बसलेला नळ तुमचा नाही. तो परवानगीवाचून काढलात तर पैसे तुमचे अडकलेले असूनही पोलिसांत तक्रार तुमच्याच विरुद्ध जाईल.

मोबाइलवरच्या बोलण्याला मात्र पुरेशी किंमत आहे. भारतीय करार कायदा, 1872 नुसार अशा कामाचा करार कागदावरच हवा अशी अट नाही, तोंडी करारही चालतो. आणि केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10-अ सांगते. ठरलेल्या रकमेचा संदेश आणि त्यापाठोपाठ आलेले 10,000 रुपये एकत्र पाहिले की करार नव्हता हे म्हणणे टिकणे अवघड आहे. टाकीच्या जोडणीचा दर ठरलेला नसला तरी, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने मोबदला द्यावा, असे करार कायद्याचे कलम 70 आहे. तिथे वाद होईल तो रकमेवर, म्हणून वाजवी मजुरीच मागा.

‘आखाजीनंतर’ या उत्तराबद्दल थोडे सबुरीने घ्यावे असे मला वाटते. कापूस विकला की, केळीचा माल गेला की पैसे देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तसे म्हणणारा प्रत्येक जण बुडवायलाच बसलेला असतो असे नाही. परंतु ‘नंतर’ म्हणजे कोणती तारीख, हे विचारून घेतलेच पाहिजे. मुदत ठरलेली नसेल तर कायदा वाजवी मुदत धरतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर भांडत बसण्यापेक्षा तारीख लिहून मिळालेली बरी.

गप्पा आपोआप पुसल्या जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा, संपूर्ण संभाषण जतन करा आणि तो मोबाइल विकू किंवा बदलू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा शंका घेऊ शकतो. त्यानंतर हिशेब मांडलेले पत्र पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर आले नाही तर थेट दाव्यात पडण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व लोक अदालतीत ठेवता येते. तिथे दोघांची संमती लागते, पण तडजोड झाल्यास तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर दाव्याची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे आहे.

खरी अडचण करार व्हॉट्सअ‍ॅपवर झाल्याची नसून पैशांचे हप्ते कामाला बांधलेले नव्हते, ही आहे. पाइपलाइनचे काम टाइल्सखाली गेले की दिसेनासे होते आणि दिसत नाही त्याचे पैसे द्यायला कोणाचाही हात आखडतो. म्हणून मोठा हप्ता टाइल्स बसण्याआधी घ्यावा. त्या वेळी पाइपात दाबाने पाणी भरून दाब मोजणाऱ्या गेजचा काटा उतरत नाही ना, हे मालकांसमोर दाखवावे, काट्याचा फोटो त्यांना तिथेच पाठवावा आणि प्रत्येक भिंतीचा एक फोटो मेजरिंग टेप लावून काढावा. पुढे कोणी ड्रिल मारताना पाइप फोडला तर तो फोटो मालकांनाही उपयोगी पडतो, त्यामुळे सहसा कोणी नाही म्हणत नाही. काम घेताना फोनवर बोलणे झाले की असा संदेश पाठवावा :

‘बोलल्याप्रमाणे दोन बाथरूम व स्वयंपाकघराची पाइपलाइन. मजुरी 38,000, मटेरियल मालकांचे. आगाऊ 10,000, टाइल्सआधी 20,000, पाणी सुरू होईल त्या दिवशी 8,000. याखेरीजचे काम दर ठरवून मगच. मान्य असल्यास तसे लिहावे.’

अंगठ्याच्या चिन्हावर समाधान मानू नका. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात 2023 मध्ये जवसाच्या सौद्यात एका शेतकऱ्याने पाठवलेला अंगठा न्यायालयाने संमती मानला खरा, पण तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि ‘मान्य’ लिहायला मालकांना कितीसा वेळ लागतो? मटेरियलही स्वतःच्या नावावर हार्डवेअरच्या दुकानातून उधार आणू नका. मजुरी थकली तर घाम वाया जातो, उधारी थकली तर बाजारातली पत जाते.

प्रश्न : मी धुळ्यात रंगकाम करतो. ओळख नसलेल्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरच काम पक्के केले आणि आगाऊ रक्कम घेण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितले. करावा का?

उत्तर : मुळीच करू नये. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. घर न दाखवता, दरावर घासाघीस न करता आगाऊ द्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाची मला तरी शंकाच येते. तुमचाच कोड त्याला पाठवा आणि त्यावर रक्कम आल्याचे बँकेच्या खात्यात पाहा. त्याने दाखवलेल्या संदेशावर विसंबू नका. पिन टाकून पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवून त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते.